पन्नास रुपयांचा परवाना आणि बारा कलमांची नियमावली

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक पारदर्शक पाकीट चिकटवलेले आहे. टाकी धुण्याचा दिवस, पेस्ट कंट्रोलची तारीख, गणपतीच्या वर्गणीचे आवाहन, असे सगळे कागद त्या पाकिटात येतात आणि यथावकाश पिवळे पडतात. २०२५ च्या जुलै महिन्यात तिथे बारा कलमांचा एक कागद आला. ‘पाळीव प्राणी बाळगणाऱ्या सभासदांसाठी नियमावली’ असे त्याचे शीर्षक होते. पहिल्या कलमाने कुत्र्यामांजरांना लिफ्ट बंद केली होती. तिसऱ्याने प्रत्येक प्राण्यामागे दरमहा ३०० रुपये जादा मेंटेनन्स लावला होता. सातव्यात कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज शेजारच्या घरात जाता कामा नये अशी अट होती. नवव्यात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यास १,००० रुपये दंड होता. आणि बाराव्या कलमानुसार तीन तक्रारी आल्या की तो प्राणी सात दिवसांत ‘अन्यत्र हलवणे’ बंधनकारक होते. खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का.

हा कागद लागण्याचे निमित्त माझाच कुत्रा होता, हे आधीच कबूल करते. खंड्या हा गावठी कुत्रा, चार वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्याच्या कडेला एका टपरीखाली भिजत बसलेला सापडला आणि ‘एक रात्र राहू दे’ म्हणता म्हणता घरचाच झाला. स्वभावाने तो भित्रा आहे, आणि भित्रा कुत्रा आक्रमक कुत्र्याइतकाच जपावा लागतो, हे मला तेव्हा उमगलेले नव्हते. जुलैतल्या एका दुपारी कुरिअर घेऊन आलेल्या मुलासाठी मी दार उघडले. खंड्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, तो माझ्या पायांमधून बाहेर निसटला, मुलाने घाबरून हातातली बॅग फिरवली आणि खंड्याचा दात त्याच्या नडगीला घासला. पँट फाटली नाही, रक्तही आले नाही, पण कापड वर केल्यावर दोन लाल रेघा स्पष्ट दिसत होत्या.

आम्ही खाली पार्किंगमधल्या नळावर कपड्यांच्या साबणाने ती जागा धुतली. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचे असते हे मला ऐकून माहीत होते. मात्र प्रत्यक्षात पंधरा मिनिटे किती लांब असतात ते घड्याळ लावून धुतल्याशिवाय कळत नाही. मग त्याला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. रक्त न येता उठलेला ओरखडा दुसऱ्या वर्गात मोडतो, म्हणजे जखमेत टोचायचे रेबीजविरोधी सीरम लागत नाही, पण लस लागतेच, असे डॉक्टरांनी सांगितले आणि लगेच विचारले, “कुत्रा घरचा आहे ना? त्याची रेबीजची शेवटची लस कधी झाली?” मी आत्मविश्वासाने “मार्चमध्ये” म्हणाले. घरी येऊन लसीकरणाची पुस्तिका उघडली. प्रत्येक लसीनंतर पशुवैद्य कुपीवरचे लेबल सोलून तिच्यात चिकटवतात आणि बाजूला तारीख घालून सही करतात. शेवटचे लेबल मार्चमधलेच होते, पण आदल्या वर्षीच्या मार्चमधले. सोळा महिने उलटून गेले होते.

खंड्यावर दहा दिवस लक्ष ठेवले, तो ठणठणीत राहिला. मुलाचे डोस मी सोबत जाऊन पूर्ण करून घेतले. शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस अशा दिवसांच्या त्या फेऱ्यांत त्याने मला एकदाही दोष दिला नाही. तक्रार आली ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून, आणि त्यातून ती नियमावली जन्माला आली. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत ‘प्राणी पाळणाऱ्यांची बाजू’ मांडण्यासाठी मलाच बोलावले. वकिली करायची तर आधी कायदा माहीत हवा, म्हणून महापालिका आणि कायदा आपल्याकडून नेमके काय मागतात, ते मी शोधायला बसले. तीन आठवड्यांनंतर हाती लागलेला निष्कर्ष थोडा खजील करणारा होता: लिफ्टमधल्या बारा कलमांपैकी बहुतेकांना कायद्याचा आधार नव्हता, आणि ज्यांना कायद्याचा पूर्ण आधार आहे ते दोन-तीन नियम आमच्या इमारतीत जवळजवळ कोणीच पाळत नव्हते. मीही नाही.

त्यातला पहिला नियम परवान्याचा. पुण्यासह राज्यातील मुंबईखेरीज इतर महानगरपालिका ज्या कायद्याखाली चालतात तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, म्हणजे पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीचा आधार त्यात आहे. मुंबईला तिचा स्वतःचा १८८८ चा अधिनियम आहे आणि त्यात तर कुत्र्यांवरच्या कराचीच तरतूद आहे. पुण्यात परवाना वर्षाचा असतो, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि शुल्क पन्नास रुपयांच्या घरात आहे. राहत्या पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीज प्रतिबंधक लसीचा दाखला एवढीच कागदपत्रे लागतात, आणि अर्ज महापालिकेच्या संकेतस्थळावरून करता येतो. पन्नास रुपयांत आजकाल खंड्याचा एका वेळचा खाऊही येत नाही. तरीही मी चार वर्षे परवाना काढला नव्हता. त्यामागे बंडखोरी वगैरे काही नव्हती, तो विषय कधी मनातच आला नव्हता. शेजारीपाजारी विचारून पाहिले तेव्हा “असं काही असतं का?” हे उत्तर मला सर्वाधिक वेळा मिळाले, आणि त्याखालोखाल “काढून काय मिळतं?” हा प्रतिप्रश्न.

काढून काय मिळते, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. परवान्याच्या अर्जातील तीन कागदांपैकी दोन आपल्याकडे नेहमीच असतात. वीजबिल आणि फोटो कोणाकडे नसतो? तिसरा कागद, लसीचा दाखला, हाच त्या अर्जाचा खरा गाभा आहे. परवाना एका वर्षाचा, रेबीजची लसही आपल्याकडे साधारणपणे वर्षातून एकदा. म्हणजे ज्याने दरवर्षी वेळेवर परवाना नव्याने काढला, त्याच्या कुत्र्याची लस आपोआप वेळेवर झालेली असते. मी परवाना काढत असते तर त्या दिवशी दवाखान्यात माझ्या तोंडून चुकीचे वर्ष निघाले नसते. या शुल्कातून महापालिकेची तिजोरी भरत नाही हे उघड आहे. ते शुल्क म्हणजे एका तारखेची आठवण आहे. लोक मात्र त्याकडे घरपट्टीच्या धाकट्या भावंडासारखे पाहतात, आणि कर म्हटला की तो चुकवता आला तर बरा, ही आपली जुनी खोड.

परवान्याबरोबर मिळणाऱ्या बिल्ल्याचीही एक जुनी गोष्ट आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारून टाकणे हा एके काळी शहराच्या व्यवस्थापनाचा सर्रास मान्य असलेला भाग होता, आणि त्या काळात गळ्यात बिल्ला नसलेला कुत्रा म्हणजे बेवारस कुत्रा. मुंबईत आजच्या स्वरूपाची महापालिका येण्याच्याही कितीतरी आधी, कंपनी सरकारच्या राज्यात, उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम निघत असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. १८३२ मध्ये ही मुदत जूनपर्यंत वाढवण्यात आली. बक्षिसाच्या आशेने घरांतली पाळलेली कुत्रीही उचलली जातात अशी तक्रार होती, आणि कुत्र्याला धर्मातच मानाचे स्थान असलेल्या पारशी समाजाने कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टातल्या, रस्त्यांवर शिपायांना अडवले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले, पलटणीची रसद अडली, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. या दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईची पांजरापोळ सुरू केली. भुलेश्वरजवळच्या त्या पांजरापोळात लोक आजही गायींना चारा घालायला जातात, पण तिच्या जन्मकथेत कुत्री आहेत हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मारून टाकण्याचा तो मार्ग २००१ च्या श्वान जन्म नियंत्रण नियमांनी बंद केला. त्यांची जागा आता मार्च २०२३ मध्ये आलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करणे हे काम या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपवले, आणि पाळीव प्राण्याची लस, जंतनाशक औषध, निर्बीजीकरण ही जबाबदारी मालकाची ठरवली. कोणाचा कुत्रा कोणाच्या खात्यात, ही वाटणी त्यात इतकी स्वच्छ आहे की ती वाचल्यावर आमच्या नियमावलीतला घोळ लगेच लक्षात आला. नवव्या कलमात सोसायटीने भटक्या कुत्र्यांचा प्रश्न पाळीव कुत्र्यांच्या मालकांच्या गळ्यात बांधला होता. वास्तविक २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर अशी ठरवून द्यायची असते. हजाराचा दंड हे त्याचे उत्तर नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सार्वजनिक ठिकाणी खाऊ घालणाऱ्यांबाबत कडक आदेश दिला होता, पण पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कारवाईला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या जागांखेरीज रस्त्यावर खाऊ घालू नये असे म्हटले, म्हणजे पुन्हा जागा ठरवण्याचीच गोष्ट आली. हा विषय मोठा आहे आणि माझ्या लेखाचा नाही, म्हणून इथेच थांबते.

मांजरांचे प्रकरण निराळे आहे. पुण्यात कुत्र्यांच्या परवान्याची सक्ती जुनी, पण मांजरांची नोंदणी सक्तीची झाली ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, महापालिकेवर प्रशासक असताना. बातमी आली तेव्हा शहराने मनसोक्त विनोद करून घेतले. मलाही हसू आले होते. आमच्या घरी मनी आहे, आणि मनीची नोंदणी ‘आमच्या घरची’ म्हणून करावी की ‘तिच्या ताब्यातल्या तीन घरांची’ म्हणून, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. ती सकाळी आमच्याकडे दूध पिते, दुपारी तळमजल्यावरच्या आजींच्या गादीवर झोपते आणि रात्री कुठे असते ते तिलाच माहीत. पट्टा तिला सहन होत नाही, त्यामुळे बिल्ला लावायचा कुठे, हाही प्रश्नच. कुत्र्यासाठी आखलेला नियम उचलून मांजराच्या अंगावर चढवला की तो असा सैल बसतो.

पण २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरमधल्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरी असल्याचे उघडकीस आले आणि माझे हसू थोडे आवरले. दुर्गंधी आणि आवाजाने शेजारी हैराण झाले होते, पण मला त्या मांजरींचे काय हाल असतील याचाच विचार जास्त आला. प्रेमापोटी सुरू झालेली गोष्ट कुठल्या तरी आकड्यानंतर क्रौर्यात शिरते, आणि तो आकडा घरातल्या माणसाला आतून दिसत नाही. मांजर वर्षातून दोन-तीनदा विते. निर्बीजीकरण न केलेल्या दोन माद्यांपासून घर भरायला फार काळ लागत नाही. दरवर्षी कोणाकडे तरी एक यादी गेली असती तर दहाव्या मांजरीला कोणीतरी प्रश्न विचारला असता. म्हणून मांजरांच्या नोंदणीचा हेतू मला पटतो, तिची रीत पटत नाही. मांजरासाठी बिल्ल्याऐवजी मायक्रोचिप अधिक शहाणपणाची ठरेल. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो, आणि भिंतीवरून उडी मारताना ती कशात अडकत नाही.

आता पुन्हा लिफ्टकडे. बैठक सोसायटीच्या कार्यालयात, म्हणजे पंपाच्या खोलीशेजारी, टेबल टेनिसच्या मोडक्या टेबलाभोवती झाली. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या फेब्रुवारीत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत मी नेली होती. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही किंवा तिच्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत, आणि कुत्रा भुंकतो हे त्याला घराबाहेर काढण्याचे कारण होऊ शकत नाही, हे सगळे त्यांत लिहिलेले आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तर असे स्पष्टच म्हटले की पाळीव प्राण्यांना सरसकट मज्जाव करणारी निवासी संघटनांची कलमे बेकायदा आहेत. मी हे वाचून दाखवत असताना समोरच्या काकांनी मान हलवली खरी, पण ती सहमतीची नव्हती. “उद्या बैल बांधाल पार्किंगमध्ये,” असे ते म्हणाले. त्यावर आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी शांतपणे विचारले, “काका, तुमच्या देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीत किती कुत्री आहेत हो?” चार आहेत, हे काकांना अर्थातच माहीत होते, पण त्यांनी उत्तर दिले नाही.

मात्र त्याच सूचना मी पुढे वाचत गेले तेव्हा माझ्या बाजूचेही चेहरे उतरू लागले. मालकांनी प्राण्याची लस वेळेवर करावी, निर्बीजीकरण करून घ्यावे, सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्यावर ठेवावा, त्याने घाण केली तर ती उचलावी, असे त्यांत आहे, आणि यांतली एकही गोष्ट आमच्यापैकी सगळ्यांनी केलेली नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या तरुणाकडे रॉटवायलर आहे. त्याच्या विरोधात कोणीतरी मोबाइलवर २०२४ च्या मार्चमधले केंद्र सरकारचे परिपत्रक काढले, ज्यात तेवीस जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नयेत असे राज्यांना कळवले होते आणि ज्यात रॉटवायलरचे नाव होते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये रद्दबातल ठरवले, हे सांगून मी त्या तरुणाची सुटका केली. मग त्याला विचारले, “तुझ्या कुत्र्याचा परवाना आहे ना?” तो म्हणाला, “ताई, ब्रीडरने पेपर्स दिलेत.” वंशावळीचा कागद आणि महापालिकेचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा समजले. कुत्र्यावर त्याने काही हजार रुपये सहज खर्च केले असणार, राहिले होते ते पन्नास.

सर्वांत जास्त वेळ मात्र विष्ठेवर गेला, आणि ते योग्यच झाले, कारण भांडणाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींनुसार पाळीव प्राण्याने रस्ता घाण केल्यास मालकाला ५०० रुपये दंड होतो. पुण्यातही अशा घाणीबद्दल दंड आहे. दंडाची रक्कम सर्वांना पाठ असते, पण उचललेली वस्तू टाकायची कुठे, यावर कोणी बोलत नाही. काही जण ती प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओल्या कचऱ्यात टाकतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना ती पिशवी हाताने सोडवावी लागते. मी अनेक प्रयोगांनंतर एका साध्या पद्धतीवर आले आहे. जुन्या वर्तमानपत्राचे अर्धे पान चौपदरी करून खिशात ठेवायचे, खंड्या बसण्याच्या बेतात गोल फिरू लागला की ते मागे सरकवायचे, आणि घरी आल्यावर कागद बाजूला करून आतले शौचालयात टाकून पाणी सोडायचे. हे लिहायला जितके अवघड आहे तितके करायला नाही. पहिल्या आठवड्यात लोक बघतात, दुसऱ्या आठवड्यात दुसरा कुत्रेवाला विचारतो की हे कसे जमवता, आणि तिसऱ्या आठवड्यात रस्ता झाडणाऱ्या मावशी ‘आली का पेपरवाली’ म्हणून हसतात. खंड्याला मात्र अजूनही मंगळवारच्या पुरवणीचा गुळगुळीत कागद आवडत नाही, तो त्यावरून सरकतो.

चावा घेतल्यास काय होते, हाही प्रश्न बैठकीत निघाला, आणि तो माझ्याकडे बघूनच निघाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या दंडविधानात हाच दंड १,००० रुपये होता. माझ्या प्रकरणात दुखापत गंभीर नव्हती आणि त्या मुलाने तक्रार केली नाही, म्हणून मी या कलमाच्या उंबऱ्यापर्यंतच गेले. याउलट प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कुत्र्याला सतत साखळीने बांधून ठेवणे आणि त्याला हिंडूफिरू न देणे हाही गुन्हा आहे, पण त्याची पहिल्या वेळची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड एवढीच राहिली आहे. १९६० साली त्या पन्नास रुपयांना वजन असेल. आज ती रक्कम परवान्याच्या शुल्काएवढी आहे. बाल्कनीत आयुष्यभर बांधलेली कुत्री आपल्या शहरात का दिसतात, याचे एक कारण या आकड्यात आहे असे मला वाटते. आमच्याच इमारतीसमोरच्या बंगल्यात एक आहे. त्याच्या साखळीची लांबी फाटकापासून नळापर्यंत.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत बाराची नियमावली मागे घेतली गेली आणि तिच्या जागी चार ओळींचा ठराव आला. रेबीजच्या लसीच्या दाखल्याची आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत दरवर्षी सोसायटीच्या कार्यालयात द्यावी. घराच्या दाराबाहेर कुत्रा पट्ट्यावर असावा. घाण मालकाने उचलावी. आणि लिफ्टमध्ये आधीपासून कोणी असेल व त्याला भीती वाटत असेल तर कुत्रेवाल्याने पुढच्या खेपेची वाट पाहावी. शेवटची ओळ कुठल्याच कायद्यात नाही, ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सुचवली आणि आम्ही ती एका शब्दाची काटछाट न करता घेतली. जादा मेंटेनन्सचे कलम वगळताना खजिनदारांना थोडे जड गेले. मग मोजणी झाली. इमारतीत नऊ कुत्री आणि सहा मांजरी निघाल्या, पैकी लस वेळेवर झालेली आठ, आणि खंड्याचा नवाकोरा परवाना सोडला तर परवाना असलेला एक. तो पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांच्या पामेरियनचा होता. दरवर्षी एप्रिलमध्ये वीजबिलाच्या झेरॉक्ससह ते नूतनीकरण करून आणतात, आणि जुने सगळे परवाने त्यांनी पामेरियनच्या नावाच्या फायलीत क्रमाने लावून ठेवले आहेत.

खंड्याचा परवाना मी ऑगस्टमध्येच काढला होता, लस घेऊन आल्यानंतर दोन दिवसांनी. त्याची प्रत पुस्तिकेच्या प्लास्टिकच्या कव्हरात घडी करून ठेवली आहे आणि पुढच्या लसीची तारीख फ्रीजवर लिहिली आहे. कुरिअरवाला मुलगा अजूनही आमच्या भागात येतो; मी दार उघडण्याआधी तो बाहेरूनच “ताई, पट्टा?” असे विचारतो आणि मी आतून “लावलाय” म्हणते. मनीचा अर्ज मात्र अडकला आहे. फोटोत चेहरा स्पष्ट दिसायला हवा ना! आतापर्यंतच्या अकरा फोटोंपैकी सातांत तिची पाठ आहे, तिनांत नुसती शेपटी, आणि उरलेल्या एकात तळमजल्यावरच्या आजींची गादी.